तबकडीवर नाव हवेच का?

प्रश्न : मी कोथरूडला राहतो आणि भोसरीच्या एका कारखान्यात टूल डिझाइनचे काम करतो. दोन मित्रांबरोबर शंभर मनगटी घड्याळांची पहिली खेप काढण्याचा विचार आहे. आतले यंत्र जपानी, सेइकोचे एनएच-३५ असेल. केस (म्हणजे बाहेरचे कवच), तबकडी आणि काटे आम्ही आमच्या आराखड्याप्रमाणे करून घेणार आहोत. सगळे ठरत आले आणि एकाच मुद्द्यावर अडले. एक मित्र म्हणतो, तबकडीवर बोधचिन्ह नसेल तर घड्याळ बेवारशी दिसेल. दुसरा म्हणतो, आपले नाव ओळखतो कोण, मग ते छापून चांगली तबकडी कशाला बिघडवायची? तबकडीवर बोधचिन्ह खरोखर आवश्यक असते का, आणि कायद्याने ते बंधनकारक आहे का?

उत्तर : कायद्याचा भाग आधी उरकतो, कारण आपल्या तिघांचा वाद त्याने मिटणारा नाही. तबकडीवर नाव किंवा चिन्ह छापलेच पाहिजे, असे बंधन आपल्याकडे नाही. आवेष्टित वस्तूंसाठी २०११ साली आलेल्या वैधमापन (वजने-मापे) नियमांनुसार उत्पादकाचे नाव, पत्ता, कमाल किरकोळ किंमत इत्यादी तपशील द्यावे लागतात, पण ते वेष्टनावर. नाव वापरायचे ठरवलेत, तर ते व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून घ्यावे. १९९९ च्या कायद्याप्रमाणे ही नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे दर दहा वर्षांनी तिचे नूतनीकरण करता येते.

आता मूळ प्रश्न. घड्याळावर नाव घालण्याची रीत कोठून आली, हे पाहिले तर आपल्या दोन्ही मित्रांच्या म्हणण्यात थोडे थोडे तथ्य सापडेल. इंग्लंडमध्ये १६९८ साली असा कायदा झाला, की आत यंत्र न बसवलेली नुसती केस किंवा नुसती तबकडी देशाबाहेर पाठवायची नाही आणि घड्याळावर कारागिराचे नाव कोरलेले असले पाहिजे. तोवर रिकाम्या केस परदेशी जात, तेथे त्यांत हलके यंत्र बसवले जाई आणि ते घड्याळ लंडनच्या कारागिराचे म्हणून खपवले जाई. नाव घालायचे ते ‘हे मी केले आहे, बिघडले तर मला विचारा’ असे सांगण्यासाठी. ते बहुतेक वेळा यंत्रावर कोरलेले असे, आणि कित्येक जुन्या खिशातल्या घड्याळांची तबकडी तर कोरीच असे. घड्याळ उघडणाऱ्याला करणारा कोण ते कळले की पुरे, अशी समजूत होती.

नावाला किंमत आली की नकला होतात. पॅरिसमध्ये काम करणारे अब्राहम-लुई ब्रेगे यांच्या घड्याळांच्या नकला इतक्या वाढल्या, की १७९५ च्या सुमारास त्यांनी गुप्त सहीचा मार्ग काढला. बाराच्या आकड्याजवळ, पँटोग्राफला (मोठ्या आकृतीची लहान नक्कल काढणाऱ्या साधनाला) लावलेल्या टोकदार हत्याराने, इतक्या बारीक अक्षरांत सही कोरलेली असे, की समोरून पाहिले तर तबकडी कोरीच वाटावी. घड्याळ तिरपे धरून उजेड कडेने पडू दिला की मगच ती अक्षरे दिसत. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. नाव आहे आणि तबकडी स्वच्छही आहे. आपल्या दोन मित्रांचे भांडण ब्रेगे यांनी सव्वादोनशे वर्षांपूर्वीच सोडवून ठेवले आहे, असे म्हटले तरी चालेल. कार्टिएच्या घड्याळांवरही मोठ्या नावाखेरीज रोमन सातच्या किंवा दहाच्या एका रेघेत तेच नाव अगदी सूक्ष्म अक्षरांत दडवलेले असते.

मग तबकडीवरचे ठळक नाव ही आजची रूढी कधी पक्की झाली? त्याचे मोठे श्रेय हान्स विल्सडॉर्फ यांना द्यावे लागते. त्यांनी १९०८ साली ‘रोलेक्स’ हे नाव नोंदवले. नाव मुद्दाम आखूड निवडलेले होते. कोणत्याही भाषेत उच्चारता यावे आणि तबकडीवर सहज मावावे, हा हेतू होता. अडचण अशी, की त्या काळी ब्रिटनमधले दुकानदार घड्याळावर स्वतःच्या दुकानाचे नाव घालून घेत आणि करणाऱ्याचे नाव त्यांना नको असे. विल्सडॉर्फ यांनी आधी सहांपैकी एका घड्याळावर आपले नाव घातले, ते खपले तेव्हा दोनांवर, पुढे तिनांवर, असे करत सगळ्या घड्याळांवर ते येईपर्यंत जवळपास दोन दशके गेली. एवढे दिवस त्यांनी ज्यासाठी धीर धरला ती गोष्ट आज आपण गृहीत धरतो, आणि म्हणूनच कोरी तबकडी पाहिली की आपल्या पहिल्या मित्राला ती बेवारशी वाटते. ही सवय शंभर वर्षांची आहे. घड्याळ त्याहून पुष्कळ जुने आहे.

आता ज्या तबकड्यांवर नाव नव्हते किंवा नाही, त्यांच्याकडे बारकाईने पाहावे, अशी माझी आपल्याला विनंती आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाच्या दिशादर्शकांसाठी पाच कंपन्यांनी ५५ मिलिमीटरची मोठी घड्याळे केली. काळी तबकडी, पांढरे आकडे, आणि त्यांवर पाचांपैकी कोणाचेही नाव नाही. मात्र बाराच्या जागी एक त्रिकोण आणि त्याच्या दोन बाजूंना दोन ठिपके आहेत. अंधाऱ्या विमानात, जाड कोटाच्या बाहीवर बांधलेले घड्याळ कसेही फिरले तरी वरची बाजू कोणती, हे एका नजरेत कळावे, यासाठी ती खूण होती. याउलट सगळ्या बारा खुणा सारख्या असलेली एखादी कोरी तबकडी हातात उलटसुलट धरून पाहा. घड्याळ नीट धरले आहे की नाही, याविषयी क्षणभर मनात शंका येते. आपल्या नेहमीच्या घड्याळात ही शंका येत नाही, कारण बाराच्या खालचे नाव वाचता वाचता डोळ्याला ‘वर’ कोठे आहे ते आपोआप कळलेले असते.

बोधचिन्हाचे तबकडीवरचे खरे काम हे आहे, आणि वाद घालताना नेमके तेच विसरले जाते. नाव काढायचे तर काढा, पण त्याचे काम दुसऱ्या कोणावर तरी सोपवा. नेथन जॉर्ज हॉर्विट यांनी १९४७ साली आखलेल्या तबकडीवर आकडे नाहीत, रेघा नाहीत, फक्त बाराच्या जागी एक गोल ठिपका आहे. मध्यान्हीच्या सूर्याची ती खूण. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९६० मध्ये ती आपल्या संग्रहात घेतली आणि मोव्हाडो कंपनीची ओळख तिच्यावर उभी राहिली. तो एक ठिपका दिशाही दाखवतो आणि कंपनीची ओळखही पटवतो. स्वित्झर्लंडच्या एच. मोझर या कंपनीने गेल्या दशकात आकडे, खुणा आणि नाव या तिन्हींना फाटा देऊन नुसत्या रंगछटांच्या तबकड्या केल्या. त्या सुंदर आहेत, हे मी मनापासून म्हणतो. पण कडेला गडद होत जाणारा तो रंग लोकांच्या डोळ्यांत आधीच बसलेला होता, म्हणून नावाशिवाय निभावले. आपल्या शंभर घड्याळांच्या मागे अशी आठवण अजून नाही.

ज्यांच्याजवळ नाव आहे त्यांनीही ते विचारपूर्वक कमी केलेले दिसते. ग्रँड सेइको हा २०१७ साली स्वतंत्र ब्रँड झाला, तेव्हा तबकडीवर इतकी वर्षे असलेले ‘सेइको’ हे नाव काढून टाकण्यात आले आणि ‘ग्रँड सेइको’ बाराच्या खाली आले. दोन नावांचे एक झाले आणि तबकडी मोकळी झाली.

माझा सल्ला असा. बोधचिन्ह काढून टाका, नाव ठेवा. चिन्ह आणि नाव दोन्ही वर-खाली रचून, त्याखाली ‘ऑटोमॅटिक’ (हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारे), त्याखाली घड्याळ किती खोल पाण्यात टिकेल तो आकडा, अशी चार-पाच ओळींची गर्दी नव्या कंपन्या हौसेने करतात. ते पाहून मला खरोखर वाईट वाटते, कारण तबकडी करणाऱ्याने मोजूनमापून सोडलेली मोकळी जागा अशी वाया जाते. ऑटोमॅटिक आहे, हे हाताला घातल्यावर कळतेच. जे सांगायचे असेल ते मागच्या झाकणावर सांगा. झाकण पारदर्शक असेल तर आत फिरून चावी देणाऱ्या वजनावर, म्हणजे रोटरवर, नाव कोरता येईल, आणि किल्लीच्या टोकावर चिन्ह घालण्याचीही जुनी पद्धत आहे. वेळ पाहणाऱ्याला त्या ठिकाणी त्याचा अडथळा होत नाही.

समोरचे नाव कोणत्या लिपीत घ्यायचे, याचा आपण पत्रात उल्लेख केलेला नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. एचएमटीच्या कित्येक घड्याळांवर ‘जनता’ हे नाव देवनागरीत छापलेले आपण घरात पाहिले असेल. रविवार पेठेत एका घड्याळ दुरुस्तीवाल्या काकांच्या टेबलाशी बसून, त्यांचे भिंग डोळ्याला लावून मी ती अक्षरे निरखली आहेत. छपाईची शाई तबकडीवर किंचित उंच राहते आणि कडेने उजेड आला की शिरोरेषेला बारीकशी सावली पडते. ती आडवी रेघ अक्षरांना असे धरून ठेवते, की नाव बाराच्या खुणेखाली टांगल्यासारखे स्थिर दिसते. रोमन अक्षरांना हा आधार नसतो. मात्र देवनागरीचा एक धोका आहे. तबकडीची छपाई पॅडने होते. कोरलेल्या धातूच्या पट्टीतली शाई सिलिकॉनचा मऊ गोळा उचलतो आणि तबकडीवर टेकवतो. अक्षर मिलिमीटरभर उंचीचे असेल तर जोडाक्षरातल्या फटी शाईने बुजतात आणि ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्यांमुळे ओळीची उंची वाढून मूळ अक्षर आणखी लहान करावे लागते. ‘जनता’ या शब्दात जोडाक्षर नाही, वेलांटी नाही, उकार नाही, एकच काना आहे. नाव ठरवताना हे ध्यानात ठेवा. अर्थ कितीही उत्तम असला तरी तीन जोडाक्षरांचे नाव तबकडीवर नीट उतरणार नाही.

शेवटचे निर्णय संगणकाच्या पडद्यावर घेऊ नका. पडद्यावर तबकडी वीतभर दिसते आणि तिथे सगळेच छान वाटते. आराखडा खऱ्या मापात कागदावर छापा, गोल कापा, मनगटावर चिकटवा आणि हात लांब करून पाहा. एकदा काटे दहा वाजून दहा मिनिटांवर काढा, कारण जाहिरातीच्या छायाचित्रात ते तसेच असतात आणि नाव त्यांच्या दोन हातांमध्ये उठून दिसते. मग काटे बारा वाजून दोन मिनिटांवर काढून पाहा. दोन्ही काटे नावावरून जातात तेव्हा वेळ वाचताना अडखळायला होते का, हे तेथे कळेल. अडखळले तर नाव अजून लहान करा, किंवा सहाच्या वर आणा आणि बाराला दुहेरी खूण द्या.

प्रश्न : आजोबांचे एक खिशातले घड्याळ आमच्याकडे सदाशिव पेठेतल्या वाड्यापासून आहे. तबकडीवर ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’ असे इंग्रजीत छापलेले आहे, पण मागचे झाकण उघडल्यावर यंत्रावर ‘लाँजीन’ हे नाव कोरलेले दिसते. एका परिचितांनी तबकडी बदललेली आहे, म्हणून घड्याळ बनावट, असे सांगितले. घरात सगळ्यांना फार वाईट वाटले आहे. दोन नावे असणे म्हणजे खोटेपणाच का?

उत्तर : मुळीच नाही, आणि घरच्यांना हे आजच सांगावे. वर म्हटले तसे, तबकडीवर विकणाऱ्याचे आणि यंत्रावर करणाऱ्याचे नाव, ही त्या काळाची सर्रास रीत होती. वेस्ट एंड वॉच कंपनी १८८६ साली मुंबईत सुरू झाली आणि स्वित्झर्लंडहून घड्याळे आणून हिंदुस्थानात आपल्या नावाने विकू लागली. पुढे तिचे ‘सोवार’ हे घड्याळ विशेष प्रसिद्ध झाले. तिच्यासाठी घड्याळे तयार करणाऱ्यांमध्ये लाँजीन होती. तेव्हा आपल्याकडची दोन नावे एकमेकांना खोटे पाडत नाहीत, उलट एकमेकांना दुजोरा देतात.

अशा जोडनावाला आज उलट मोल आहे. स्वित्झर्लंडची घड्याळ कंपनी पाटेक फिलिप आणि न्यूयॉर्कचे जवाहीर टिफनी यांचा व्यवहार १८५१ पासून चालत आला आहे. त्या नात्याला १७० वर्षे झाली म्हणून २०२१ साली दोघांची नावे असलेली १७० घड्याळे काढण्यात आली आणि त्यांतले पहिले लिलावात ६५ लाख डॉलरच्या आसपास गेले. आपल्या घड्याळाची किंमत तशी होईल, असे मी म्हणत नाही. पण ज्या दुसऱ्या नावामुळे आपल्या परिचितांना संशय आला, त्यातूनच हे घड्याळ मुंबईमार्गे आजोबांच्या हाती आले, हे कळते.

तबकडी खरोखर बदलली आहे का, हे तपासायचे असेल तर नावाकडे न पाहता तबकडीच्या पायांकडे पाहावे. तबकडीच्या मागे तांब्याचे बारीक पाय असतात आणि ते यंत्राच्या ठरावीक भोकांत बसतात. पाय तोडून तबकडी चिकटवलेली आढळली तरच शंका घ्यावी, आणि ही तपासणी जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावी. मीन्याची तबकडी दाबाने तडकते.

प्रश्न : जुन्या बाजारातून रविवारी एक एचएमटी घड्याळ घेतले. चालते उत्तम, पण तबकडी इतकी चकचकीत आहे, की मन साशंक झाले. नावावरून ते जुने की रंगवलेले, हे ओळखता येते का? (हडपसर)

उत्तर : पुष्कळ वेळा येते. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूला घड्याळे करायला सुरुवात केली आणि २०१६ साली सरकारने तो घड्याळ उद्योग बंद करण्याचा निर्णय घेतला. जुन्या तबकड्या पुसून, रंगवून, पुन्हा छापून विकण्याचा धंदा वाढला. असली तबकडीवरची अक्षरे बारीक आणि सारख्या जाडीची असतात. रंगवलेल्या तबकडीवर ती जाड, कडेला फुटलेली, कधी एका बाजूला कललेली दिसतात. आणि मिनिटांच्या रेघा जेथे असायला हव्यात तेथून किंचित सरकलेल्या असतात. भिंगाने आधी नाव, मग सहाच्या खालची बारीक ओळ पाहावी. रंगवणारा मोठ्या नावावर मेहनत घेतो आणि त्या छोट्या ओळीत फसतो.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. माझ्या वडिलांचे घड्याळ मी एका दुकानात फक्त साफ करायला दिले होते. परत आले तेव्हा तबकडी नवी कोरी झाली होती. दुकानदाराने चांगल्या हेतूने, पैसेही न घेता, ती रंगवून दिली होती. बाराखालच्या नावातले एक अक्षर पूर्वी वडिलांच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या पिवळट डागात अर्धे बुडालेले असे. लहानपणी मी तो डाग बघून ते घड्याळ ओळखत असे. आता त्या जागी जाड काळी अक्षरे आहेत. नाव तेच आहे, पण मला ते घड्याळ अजूनही परके वाटते. म्हणून आपल्याला आणि सगळ्याच वाचकांना सांगतो, की घड्याळ दुरुस्तीला देताना तबकडीचा जवळून फोटो काढून ठेवा आणि पावतीवर ‘तबकडीला रंग लावू नये’ असे दुकानदाराकडून लिहून घ्या.